दोन याद्यांत नाव लागले. आता जायचे कुठे?

जून उजाडला की दवाखान्यात सर्दी-तापाचे आणि पोट बिघडल्याचे रुग्ण वाढतात. त्याच सुमारास आणखी एक वर्ग येऊ लागतो. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका, बरोबर आई किंवा वडील, आणि तपासायच्या टेबलाकडे न जाता थेट समोरच्या खुर्चीत बसणे. गेल्या हंगामात बदलापूरहून अशाच एक मायलेकी आल्या. आई म्हणाल्या, "डॉक्टर, ताप नाही, खोकला नाही. हिचे दोन ठिकाणी नाव लागले आहे. शुक्रवारपर्यंत पैसे भरायचे आहेत. कुठे पाठवू, तेवढे सांगा."

मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. पुढे एम.ए. करायचे होते. एका यादीत मुंबईतल्या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या विभागाचे नाव होते. फी थोडी, पण रोज जाऊन-येऊन चार तासांचा प्रवास. दुसरी यादी खासगी विद्यापीठाची. वातानुकूलित वर्ग, वसतिगृह, सुंदर छापलेले माहितीपत्रक, आणि दोन वर्षांचा खर्च काही लाखांच्या घरात. वडील आनंदनगर एमआयडीसीत कामाला. "हिचे बाबा म्हणतात, कर्ज काढू, पण चांगल्या ठिकाणी जाऊ दे," आई म्हणाल्या. मुलगी मात्र गप्प होती.

वाचकहो, आरोग्याच्या सदरात कॉलेज प्रवेशाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आज जी मुलगी या खुर्चीत गुणपत्रिका घेऊन बसली आहे, तीच पाच-सात वर्षांनी दुसऱ्या एका खुर्चीत बसणार आहे, आणि तिच्यासमोर आपल्यापैकी कुणाचा तरी मुलगा, सून किंवा म्हातारे वडील बसणार आहेत. ती कुठे आणि कशी शिकली, हा तिच्या घरापुरता प्रश्न नाही. तो आपल्या सगळ्यांच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

'ठाण्याला पाठवा' ते एम.ए.ची यादी

आमच्या लहानपणी कुणी जरा विचित्र वागला की लोक म्हणत, "याला ठाण्याला पाठवा." ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. शंभराहून अधिक वर्षे आपल्या जिल्ह्याने या आजाराची ओळख त्या एका दगडी भिंतीवरून केली. भिंतीच्या आतले ते वेडे आणि बाहेरचे आपण शहाणे, एवढीच आपली समज. मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलीला लग्नाच्या बाजारात प्रश्न विचारले जात.

ते दिवस आता बरेच मागे पडले. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी त्याच ठाण्यात आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि मनाच्या दुखण्यासाठी साध्या कपड्यातल्या साध्या माणसांनीही सल्ला घ्यायचा असतो, हे जिल्ह्याच्या अंगवळणी पडू लागले. करोनाच्या काळाने उरलासुरला संकोच कमी केला. २०२२ च्या १० ऑक्टोबरला केंद्र सरकारने 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा १४४१६ हा क्रमांक मी दवाखान्याच्या भिंतीवर लावला आहे, आणि रुग्ण तो गुपचूप मोबाइलमध्ये उतरवून घेताना मी पाहतो.

गरज किती मोठी आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. विकारानुसार त्यातल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले होते आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याकडचे चित्र फार निराळे असेल, असे दवाखान्यात बसून तरी वाटत नाही.

तेव्हा मुले-मुली या विषयाकडे वळत आहेत ही चांगलीच गोष्ट. अडचण पुढे आहे.

एम.ए. झाले म्हणजे झाले काय?

बहुतेक पालकांची समजूत अशी असते की एम.ए. झाले की मुलगी 'सायकॉलॉजिस्ट' झाली, पाटी लावायला मोकळी. हे खरे नाही, आणि प्रवेश घेण्याआधीच ते कळलेले बरे.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. तो आधी एम.बी.बी.एस. होतो आणि मग त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतो. औषधे तोच लिहितो. मानसशास्त्र शिकलेली व्यक्ती औषधे लिहीत नाही. ती तपासण्या करते, संवादातून उपचार करते. पण त्यातही दोन वाटा आहेत. 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे बिरूद कायद्याने बांधलेले आहे. भारतीय पुनर्वसन परिषदेचा, म्हणजे आर.सी.आय.चा कायदा १९९२ चा. त्या परिषदेकडे नोंदणी नसताना हा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या दिली आहे. परिषदेने मान्य केलेली चिकित्सा मानसशास्त्राची पात्रता हवी. नाहीतर एम.ए.नंतर, देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर काम करवून घेणारा, परिषदेने मान्य केलेला दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. हवा.

बरीच वर्षे एम.फिल. हीच मुख्य वाट होती. बंगळूरची निमहान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही त्यातली नावाजलेली ठिकाणे. पुढे नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच बंद करायचे ठरले. विद्यापीठ अनुदान आयोगाने मग चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांपुरती २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुभा दिली. दरम्यान परिषदेने चिकित्सा मानसशास्त्राचे नवे अभ्यासक्रमही आखले. म्हणजे वाट बदलते आहे. ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच वर्षीची मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावी. माहितीपत्रकावर 'क्लिनिकल' हा शब्द मोठ्या अक्षरात छापलेला असणे आणि तो अभ्यासक्रम परिषदेला मान्य असणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी वाट समुपदेशनाची. शाळा, महाविद्यालये, कारखाने, कुटुंब सल्ला केंद्रे येथे हे काम चालते. या वाटेवर आजवर कुणाचे फारसे बंधन नव्हते. २०२१ च्या राष्ट्रीय सहाय्यक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञांनाही आपल्या कक्षेत घेतले आहे. पुढेमागे इथेही नोंदणी आणि किमान शिक्षणाची अट लागणार, हे धरून चालावे.

माझी चूक

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि आधी एक कबुली देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अंबरनाथची एक विद्यार्थिनी असाच प्रश्न घेऊन आली होती. तिलाही दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. मी फारसा विचार न करता म्हटले, "ज्याचे नाव मोठे तिथे जा." आपण डॉक्टर लोक नावाला भुलतो. आमच्या वेळी मोठे कॉलेज म्हणजे मोठे रुग्णालय, मोठे रुग्णालय म्हणजे भरपूर रुग्ण, आणि भरपूर रुग्ण म्हणजे भरपूर शिक्षण, असा सरळ हिशेब होता. मानसशास्त्रातही तसेच असेल असे मी धरून चाललो.

ती दोन वर्षांनी पेढे घेऊन आली. पहिला वर्ग मिळाला होता. पेढा देता देता म्हणाली, "डॉक्टर, एक सांगू? दोन वर्षांत मी एकाही रुग्णाशी एकटीने बोलले नाही. सगळे पुस्तकात." तो पेढा काही मला गोड लागला नाही. सल्ला माझा होता आणि वर्षे तिची गेली होती.

याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. उल्हासनगरच्या एका व्यापारी कुटुंबातला मुलगा, सोळा-सतरा वर्षांचा. दिवसातून तीस-चाळीस वेळा हात धुवायचा. दाराची कडी लावली का, गॅस बंद केला का, हे आईला पुन्हा पुन्हा विचारायचा. घरच्यांनी त्याला जवळच्या एका समुपदेशन केंद्रात नेले. तिथल्या बाईंनी थोड्या दिवसांचे प्रमाणपत्र शिक्षण घेतलेले होते. बाई मायाळू होत्या. त्यांनी सांगितले, "मुलाला धीर द्या. तो विचारील तितक्या वेळा प्रेमाने उत्तर द्या." आईने वर्षभर तेच केले.

सल्ला ऐकायला किती बरोबर वाटतो! पण मंत्रचळेपणाच्या, म्हणजे ओसीडीच्या आजारात असा धीर हाच आजाराला खतपाणी घालतो. दर वेळी "हो रे, कडी लावली आहे" ऐकले की घटकाभर बरे वाटते, आणि मन पुढच्या वेळी पुन्हा तेच मागते. यावरचा उपचार उलटा आहे. जी भीती वाटते तिला थोडे थोडे सामोरे जायचे आणि हात धुण्याची किंवा विचारण्याची ऊर्मी आली तरी ती पाळायची नाही. हे माणसाला शिकवावे लागते, पायरीपायरीने, आणि त्यासाठी शिकवणाऱ्याने ते आधी कुणाच्या तरी नजरेखाली करून पाहिलेले असावे लागते. योग्य ठिकाणी पोहोचल्यावर औषध आणि हा उपचार मिळून मुलगा सुधारला. पण दहावीनंतरचे एक वर्ष हातचे गेले. बाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांची चूक होते आहे हे सांगायला त्यांच्या मागे कुणी बसलेले नव्हते, एवढेच.

या दोन अनुभवांनंतर माझे मत पक्के झाले. दोन याद्यांत नाव लागले तर इमारत पाहू नका, वर्तमानपत्रातली जाहिरात पाहू नका, एवढेच काय, नावही पाहू नका. एकच प्रश्न विचारा: "मला रुग्णासमोर केव्हा बसवणार, आणि तेव्हा माझ्या मागे कोण बसणार?" पोहायला शिकवणारा काठावर उभा नसेल तर तलाव कितीही मोठा असून काय उपयोग?

अर्ज करताना

हा प्रश्न पुढे न्यायच्या आधी अर्जाबद्दल थोडे. प्रवेशाच्या तऱ्हा ठिकठिकाणी वेगळ्या आहेत. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था २०२३ पासून एम.ए.चे प्रवेश राष्ट्रीय पातळीवरच्या सीयूईटी-पीजी परीक्षेतून देऊ लागली. ही परीक्षा देशातल्या अनेक केंद्रीय विद्यापीठांनाही चालते. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कालिन्याला आहे. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात मुलींची सोय आहे. पुण्यालाही जाता येते. कुठे प्रवेश परीक्षा, कुठे मुलाखत, कुठे नुसते गुण. तारखा एकमेकींवर चढतात. तेव्हा जानेवारीपासूनच एका वहीत प्रत्येक ठिकाणची शेवटची तारीख, परीक्षेची तारीख आणि लागणारी कागदपत्रे लिहून ठेवावीत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर यांसाठी तहसील कचेरीत आयत्या वेळी काय गर्दी होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

परीक्षेत आपली मुले हटकून अडतात ती संख्याशास्त्रात आणि संशोधन पद्धतीत. कला शाखेत आलो म्हणजे गणित सुटले, अशी त्यांची समजूत असते. मानसशास्त्रात ते सुटत नाही. एखादी चाचणी खरी की खोटी, एखाद्या औषधाचा किंवा उपचाराचा गुण आला की नुसता भास झाला, हे आकड्यांवाचून कळत नाही.

मुलाखतीत "हाच विषय का?" असे विचारतात. दहातली नऊ मुले सांगतात, "मला लोकांना मदत करायला आवडते. मैत्रिणी त्यांचे प्रॉब्लेम मलाच सांगतात." उत्तर खोटे नाही, पण त्याने समोरच्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा तुम्ही काय पाहिले ते सांगा. सुटीत एखाद्या विशेष मुलांच्या शाळेत, वृद्धाश्रमात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर काम करा, आणि तिथे तुमचा कोणता समज चुकीचा ठरला ते सांगा. असे उत्तर कुणी पाठ करून देऊ शकत नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांना एक वेगळे सांगायचे आहे. पुस्तके आणि व्याख्याने बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतात. पहिले सहा महिने जड जातात. पण रुग्ण इंग्रजीत आजारी पडत नाही. तो म्हणतो, "जीव घाबरा होतो", "छातीत धडधडतंय", "डोकं सुन्न झालंय", "कशात मन लागत नाही". आपल्या या तीन गावांत तो मराठीत बोलतो, सिंधीत बोलतो, हिंदीत बोलतो. ज्या मुलीला 'जीव घाबरा होणे' आणि 'जीव नकोसा होणे' यांतला फरक आईच्या भाषेतून कळतो, तिच्यापाशी पुस्तकात न मिळणारी शिदोरी आहे. तिने इंग्रजीची भीती बाळगू नये. इंग्रजी शिकता येते.

हिशेब मांडताना

आता दोन्ही याद्या समोर ठेवून हिशेब मांडू.

पहिला हिशेब शिक्षणाचा. विभागात जाऊन, किंवा फोन करून, सरळ विचारावे: प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थ्यांना कोणत्या रुग्णालयात किंवा केंद्रात पाठवता? आठवड्यातून किती दिवस? ते ठिकाण तुम्ही लावून देता की मुलांनी स्वतः शोधायचे? विद्यार्थ्याने केलेल्या कामावर दर आठवड्याला बसून चर्चा कोण करते? त्या शिक्षकाने स्वतः रुग्ण पाहिले आहेत का? आणि शेवटचे, सर्वात महत्त्वाचे: गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी माझी गाठ घालून द्याल का? ज्यांच्याकडे उत्तरे असतात ते चटकन देतात. ज्यांच्याकडे नसतात ते पुन्हा माहितीपत्रक पुढे करतात.

दुसरा हिशेब पैशाचा. कर्ज काढणे पाप नाही. पण ज्या एम.ए.नंतर आणखी दोन वर्षे शिकायचे आहे, त्या एम.ए.वरच सगळे संपवू नये. समुपदेशकाचा सुरुवातीचा पगार इंजिनियरसारखा नसतो. कर्जाचा हप्ता सुरू झाला की मुलगी मिळेल ती नोकरी धरते आणि पुढचे शिक्षण राहून जाते. राखीव प्रवर्गातल्या मुलांनी महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती त्या संस्थेत लागू आहे का, हे प्रवेशाआधी विचारावे. खासगी किंवा अभिमत विद्यापीठात ती मिळेलच असे गृहीत धरू नये.

तिसरा हिशेब प्रवासाचा. बदलापूरहून कुर्ला तास-सव्वा तास, तिथून कालिन्याला बस किंवा रिक्षा. देवनारला जायचे तर कुर्ल्याला हार्बर गाडी पकडून गोवंडी. चर्चगेटला जायचे तर दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे. घरापासून वर्गापर्यंत दोन तास धरले, तर रोजचे चार. वर्षाला २०० दिवस धरले तरी ८०० तास झाले. सकाळी अंबरनाथ-उल्हासनगरला गाडीत पाय ठेवायला जागा नसते, हे लिहून सांगायला नको. दुसऱ्यांच्या मनाचे आरोग्य शिकताना स्वतःचे शरीर मोडून चालत नाही. ज्यांना पाठदुखी, दमा, अशक्तपणा आहे त्यांनी हा हिशेब गंभीरपणे करावा. मैत्रिणींबरोबर भाड्याची खोली घेता येते का, प्रात्यक्षिक ठाण्या-कल्याणच्या बाजूला करू देतील का, हेही विचारावे. तरीही शिक्षण खरे असेल तर मी प्रवासाच्या बाजूने आहे. ती गाडी गेली पन्नास वर्षे आपल्या मुलांना शिकवून परत आणत आली आहे.

आणि चौथी गोष्ट, शुक्रवारच्या मुदतीची. मुदतीच्या धाकाने घरे घाबरतात. एकीकडे पैसे भरले आणि दुसरीकडे नाव लागले तर भरलेले बुडाले, असे वाटून पालक पहिल्याच ठिकाणी अडकून पडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये यासंबंधी नियम केले. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेआधी १५ दिवस किंवा त्याहून अगोदर प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत. त्यातून फार तर ५ टक्के, तेही ५,००० रुपयांच्या आत, कापता येतात. त्यानंतर ९० टक्के, ८० टक्के, ५० टक्के असे प्रमाण उतरत जाते आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काही मिळत नाही. २०२४-२५ या वर्षासाठी आयोगाने आणखी सवलत दिली होती: ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १,००० रुपये कपात. दर वर्षीचे परिपत्रक पाहून घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवायची नाहीत, हेही त्याच नियमांत आहे. ती तपासून परत द्यायची असतात. हे माहीत असले की निम्मी भीती जाते आणि निर्णय शांत डोक्याने घेता येतो.

घरी बसून, आणि साता समुद्रापार

आपल्या भागातल्या कितीतरी गृहिणी आणि नोकरदार मुलांनी इग्नूसारख्या दूरशिक्षणातून मानसशास्त्राचे एम.ए. केले. पोळ्या लाटून, पाळ्या सांभाळून शिकलेल्या त्या लोकांबद्दल मला आदर आहे. पण २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासारखे आरोग्याशी निगडित अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवण्यास मनाई केली. निर्णय कडू आहे, आणि ज्या बाईला रोज मुंबईला जाणे शक्य नाही तिच्यावर तो अन्यायही करतो. तरी तत्त्व मला पटते. शस्त्रक्रिया टपालाने शिकवता येत नाही, तसे रुग्णाशी बोलणेही येत नाही. मात्र मनाई केली म्हणजे सरकारचे काम संपले, असे होत नाही. घराजवळ वर्ग काढा, संध्याकाळचे काढा, मग मनाई करा.

काही घरांत परदेशाचीही चर्चा असते. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांनी मिळून ठरवले आहे की आर्थिक मदतीसह प्रवेश देऊ केलेल्या विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ द्यायचा, तोवर होकारासाठी घाई करायची नाही. आपल्याकडच्या शुक्रवारच्या मुदतीपुढे हे ऐकून हेवा वाटतो. पण तिकडची पदवी आणली म्हणून इकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी होतेच असे नाही. परत येऊन काम करायचे असेल तर जाण्याआधीच परिषदेकडे लेखी विचारणा करावी.

आपल्या गावांसाठी

हे सगळे मी एवढ्या कळकळीने का लिहितो आहे? २०२४ मध्ये अंबरनाथला १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की मनोविकार विभाग आलाच. त्या विभागात केवळ डॉक्टर नकोत. या परिसरातल्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना तिथे देखरेखीखाली रुग्ण पाहण्याची सोय मिळावी, अशी माझी मागणी आहे. मग बदलापूरच्या मुलीला प्रात्यक्षिकासाठी कुर्ल्याला जावे लागणार नाही, आणि रुग्णालाही आपल्या बोलीत ऐकणारे कुणी मिळेल. सर्व विद्यापीठांनीही प्रवेशाच्या माहितीपत्रकात प्रात्यक्षिकाचे तास, ठिकाण आणि देखरेख करणाऱ्यांची पात्रता छापलीच पाहिजे. औषधाच्या बाटलीवर आत काय आहे ते लिहावे लागते. अभ्यासक्रमावर का नको?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर जे गुदरले, त्यानंतर हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. तो संताप रास्त होता. पण संताप ओसरल्यावर एक प्रश्न उरतो. अशा लहान जिवाशी बोलायचे कुणी? कसे? किती? चुकीच्या प्रश्नाने जखम पुन्हा उघडते. बरोबर प्रश्न विचारणारी माणसे आपल्या शाळांत, आपल्या गावांत किती आहेत? ती आभाळातून पडणार नाहीत. आज गुणपत्रिका घेऊन फिरणाऱ्या मुलींतूनच ती घडणार आहेत.

त्या मायलेकींना मी कोणत्याही संस्थेचे नाव सुचवले नाही. एकदा चुकलो होतो. एका कागदावर वरचे प्रश्न लिहून दिले आणि मुलीला म्हटले, "आईने नको, तू विचार. पुढे आयुष्यभर तुला अवघड प्रश्न विचारायचे आहेत. सुरुवात इथून कर."

गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला. एका ठिकाणी सांगितले होते, "इंटर्नशिप विद्यार्थी आपापली बघतात." दुसऱ्या ठिकाणी एका प्राध्यापिकेने तिला वीस मिनिटे दिली, रुग्णालयाचे वार सांगितले, आणि वर म्हणाल्या, "दर शनिवारी मी तुमची टिपणे तपासते. चुकलात तर बोलणी खाल." मुलगी हसून म्हणाली, "डॉक्टर, मी बोलणी खायला जाते."

कुठली यादी, ते मुद्दामच सांगत नाही. वाचकांनी आपापले प्रश्न आपणच विचारावेत.